सहाशे चौदा वस्तूंचे गुरुजी

हेमकांत सरांना नगरपालिकेनं पंधरा दिवसांसाठी मागून नेलं, त्याला येत्या फेब्रुवारीत सात वर्षं होतील. शेजाऱ्यानं मागून नेलेली शिडी उशिरा का होईना, परत येते. आमचे सर काही आले नाहीत.

मी मोहिनी, त्यांच्या शेजारच्या वर्गाची बाई. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेची चार खोल्यांची शाळा होती, तिथं सर चौथीला आणि मी तिसरीला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला त्याच गावात राहायचं आहे आणि नोकरीही अजून अकरा वर्षं बाकी आहे. शिवाय पुढं जे लिहिणार आहे त्यात माझीही बाजू फार उजळ नाही.

सर तापीकाठच्या गुजर घरातले. थोरल्या भावाकडे केळी आणि कापूस, ह्यांच्याकडे डी.एड.चं सर्टिफिकेट. घरी गुजरी, बाहेर अहिराणी आणि वर्गात पुस्तकातली मराठी असं त्यांचं बोलणं तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. आमच्याकडची निम्मी मुलं धडगावकडून मजुरीला उतरलेल्या घरांतली, त्यांची घरची पावरी बोली आणखी वेगळी. पावरीत आकडे नीट म्हणता यावेत म्हणून सर एका मुलीच्या आजीकडे महिनाभर संध्याकाळी जाऊन बसत होते. मी तेव्हा हसले होते. पण त्यांच्या चौथीतल्या एकतीसच्या एकतीस मुलांना भागाकार येत होता, आणि माझ्या तिसरीत हातचा घ्यायची वेळ आली की अर्धा वर्ग छताकडे बघायचा. सर माझ्याहून चांगले शिक्षक होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

घात केला तो भूगोलानं. चौथीच्या मुलांना नकाशा शिकवायचा म्हणून सरांनी सगळा वर्ग मैदानात काढला आणि शाळा पावलांनी मोजायला लावली. फाटकापासून पाण्याच्या बोरपर्यंत तेवीस पावलं, बोरपासून चिंचेपर्यंत चौदा, असं करत आठवडाभर मोजमाप चाललं. मग गेरू आणि चुना घेऊन बाहेरच्या भिंतीवर हा एवढा मोठा नकाशा काढला. दिशा, सूची, प्रमाण, सगळं जिथल्या तिथं. पुढं निवडणुकीसाठी खोल्या बघायला नगरपालिकेतले एक साहेब आले, भिंतीसमोर थांबले आणि म्हणाले, "हा नकाशा कुणी काढला?"

सगळ्यात आधी बोट मी दाखवलं. कौतुकानंच दाखवलं, पण दाखवलं मीच.

आठवड्यात आदेश आला. शिक्षकाला शिकवण्याखेरीज काय काय येतं, याची सरकारी कचेऱ्यांना फार ओढ. गावातल्या तिन्ही बागांमधल्या सगळ्या वस्तूंची जागेवर जाऊन नोंद करायची, प्रत्येकीला नंबर द्यायचा, फोनमधल्या नकाशावर ती टिपायची, आणि "सदर काम पंधरा दिवसांत पूर्ण करून मूळ जागी हजर व्हावे." असली कामं शिक्षकाला द्यायची नसतात, हे मी मुख्याध्यापिकाबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांसाठी कशाला वाकड्यात शिरायचं. चौथीची मुलं माझ्या खोलीत आली. एका बाकावर दोन बसत होती, आता चार बसली.

जाताना सर अर्ध्या तपासलेल्या वह्या कपाटात ठेवून गेले. म्हणाले, "ताई, अपूर्णांक तुम्ही नका शिकाडू. मी पंधरा दिवसमा येस ना, मंग मीच शिकाडसू."

मी एप्रिलपर्यंत वाट पाहिली. मग जसे जमले तसे शिकवले.

बागेतलं काम कसं चालायचं ते मी बघितलंय, कारण शाळेतून घरी जाताना पाण्याच्या टाकीजवळची जुनी बाग वाटेवरच लागते. सरांच्या गळ्यात कचेरीचा फोन, खांद्याला पत्र्याच्या नंबरपट्ट्यांची पिशवी, हातात टेप. बाकाजवळ उभं राहायचं, फोनमध्ये जागा पकडायची, फोटो काढायचा, माप घ्यायचं, स्थिती लिहायची, आणि पट्टी ठोकून पुढच्या वस्तूकडे जायचं. पण पुढं जायच्या आधी फोन शेवटचा एक रकाना भरून मागायचा: जबाबदार व्यक्ती. तो रिकामा ठेवला की फोन पुढं सरकत नसे.

सरांनी कचेरीत विचारलं. उद्यान विभागाचं टेबल वीरसिंगकडे. वीरसिंग वाईट माणूस नाही. चहा पाजतो, खुर्ची देतो, आणि कुठलाही प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकलतो. त्यानं सांगितलं, "आते तुमनंच नाव टाकी द्या सर. मांगून बदली टाकूत."

दुसरा कोणी असता तर "मुख्याधिकारी" एवढं लिहून मोकळा झाला असता, नाहीतर एखादी आडवी रेघ मारली असती. पण हा मास्तर. पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, नाव पूर्ण लिहायचं, वडिलांच्या नावासकट. सरांनी प्रत्येक वस्तूपुढं स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबर. शिवाय दुसरी एक गोष्ट केली, जी कुणीच सांगितली नव्हती. आदेशात बाक, खेळणी, दिवे, नळ एवढंच होतं. सरांनी झाडंही घेतली. एकेका झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजला आणि नोंदवला. मी विचारलं, हे कशाला. तर म्हणतात, "बागना नकाशामा झाड नही, म्हंजे मंग बाग कसानी?"

तिन्ही बागांच्या मिळून सहाशे चौदा वस्तू झाल्या. त्यातली दोनशे एक्केचाळीस झाडं.

काम सतरा दिवसांत संपलं. दोन दिवस जास्त लागले म्हणून त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंची माफी मागितली, आणि अठराव्या दिवशी सकाळी चौथीची मुलं माझ्या खोलीतून काढून घेऊन गेले. मला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू येत होता. अर्धा तास झाला नसेल, तोच फोन वाजला. बसस्टँडमागच्या बागेतल्या झोक्याची साखळी तुटली होती. कुणीतरी पट्टीवरचा नंबर फोनमध्ये घातला, तर सरांचं नाव आणि नंबर समोर आला. सर म्हणाले, कचेरीला कळवतो. तासाभरात दुसरा फोन आला, नळ गळतोय. दुपारी तिसरा, बाकावर कुत्रं बसलंय आणि उठत नाही. तिसऱ्या दिवशी पत्रच आलं: तक्रारींचं निराकरण होईपर्यंत, पुढील आदेशापर्यंत, उद्यान विभागातच थांबावे. चौथीची मुलं पुन्हा माझ्या खोलीत आली.

आता, निराकरण होईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? बागेत पोरं येतात तोवर झोके तुटतात आणि नळ गळतात. सर महिनाभर वाट बघून वीरसिंगकडे गेले. वीरसिंगनं चहा मागवला आणि सरळ सांगितलं की सहाशे चौदा वस्तूंवर तुमचं नाव आहे, ते काढून दुसऱ्या कायम कर्मचाऱ्याचं घातलं की त्याच दिवशी तुम्हाला कार्यमुक्त करतो. नाव रिकामं करता येत नाही, फक्त बदलता येतं. बागेतले माळी सगळे कंत्राटी, ते चालणार नव्हते. सर एकेका टेबलाकडे जाऊन आले. जन्ममृत्यूवाल्यानं हात जोडले, आरोग्यवाल्यानं काखा वर केल्या, आणि बांधकामवाला तर म्हणाला की सर, तुमचं काम इतकं चांगलं चाललंय, कशाला सोडता.

एक दिवस सर शाळेत बोरजवळ पाणी प्यायला आले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरा कोनी कायम कर्मचारी नाव देवाले तयार व्हयना, का मी सुटनू."

नगरपालिकेच्या शाळेतली बाई म्हणजे नगरपालिकेची कायम कर्मचारीच. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित मला नाही म्हणता आलं नसतं, म्हणूनच मागितलं नसावं. मी तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाले, "देखूत ना, भेटी जाई कोनी तरी."

घरी जाऊन मी पुष्कळ हिशोब मांडले. मी बाहेर गेले तर दोन्ही वर्ग सरांकडे जाणार, म्हणजे मुलांना फरक काय? घरी सासूबाईंचं आजारपण, मुलगी लहान, उन्हात कुठं फिरू? सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण एवढंच, की त्या फोनमध्ये एकदा नाव गेलं की बाहेर येत नाही, हे मला दिसलं होतं. मी घाबरले. मुलांना फरक पडला असता, हेही मला ठाऊक होतं.

अशी तीन वर्षं गेली. मधली दोन महामारीत गेली, तेव्हा बागांना कुलूप होतं, शाळेलाही होतं. लोकांना वाटेल तेव्हा तरी सर मोकळे असतील. फोन सांगे, तीस दिवसांत प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून तपासणी नोंदवायची. सर तोंडाला रुमाल बांधून कुलूपबंद बागेत एकटेच बाकांचे फोटो काढत फिरत.

मग बावीस साली उदेसिंग आले. सैन्यातून निवृत्त होऊन माजी सैनिकांच्या जागेवर नगरपालिकेत लागलेले, ताठ चालणारे, मोजकं बोलणारे. वीरसिंगनं बिचकत विचारलं, तर म्हणाले, द्या माझं नाव, सहाशे चौदा काय आणि हजार काय. वीरसिंगनं जून महिन्यातली तारीखसुद्धा ठरवली. सर त्या संध्याकाळी शाळेत आले, कपाट उघडून जुन्या वह्या बघून गेले. ती मुलं आता आठवीत गेली होती, हे मी त्यांना बोलले नाही. शाळा नुकतीच सुरू झाली होती. मी चौथीची खोली झाडून घेतली, मुलांकडून फळ्याला काळा रंग लावून घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात "सरांचे स्वागत" लिहिलं.

नियम असा होता की कार्यभार देताना नकाशावरची प्रत्येक वस्तू जमिनीवर जुळली पाहिजे. दोघं दोन दिवस तिन्ही बागा फिरले. सरांनी सगळं आधीच लावून ठेवलं होतं, गळके नळ स्वतःच्या हातानं बदललेले, पडलेल्या पट्ट्या पुन्हा ठोकलेल्या. सहाशे तेरा वस्तू जुळल्या.

राहिला एक कडुलिंब. जुन्या बागेतला, टाकीच्या बाजूचा, घेर दोनशे बारा सेंटिमीटर. मेमधल्या वादळात तो मुळासकट आडवा झाला होता. नगरपालिकेनंच तो तोडला, ट्रॉलीत भरला, खोड मशीननं उपटून काढलं आणि खड्डा बुजवला. त्या दिवशी सर तिथंच उभे होते. झाडाखाली कोणी नव्हतं याचंच त्यांना बरं वाटलं होतं, फोनचं डोक्यातही आलं नव्हतं. आता दोघं त्या मातीच्या चौकोनावर उभे, आणि फोन फोटो मागतोय.

फोनमध्ये काढून टाकायची सोय नव्हती. "हरवले" दाबलं तर पोलिस तक्रारीचा क्रमांक मागे. "नादुरुस्त" दाबलं तर नोंद होई, दुरुस्ती प्रलंबित. आणि एक जरी वस्तू प्रलंबित असली तरी कार्यभार पुढं सरकत नसे. सर कचेरीत धावले. वीरसिंगला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, "झाड कमी करानं म्हंजे वृक्ष समितीना ठराव लागस. आनी सदस्य निवडी उनात का मंग समिती बसी." नगरपालिकेवर तेव्हा प्रशासक होते, सदस्य कुणीच नव्हते, निवडणुका कधी होतील ते देवाला ठाऊक. बाकीच्या गावांच्या नोंदींत झाडं नव्हती, कारण तिथं कुणी झाडं मोजलीच नव्हती.

उदेसिंगनी एक महिना वाट बघितली. सैन्यातली शिस्त असली तरी माणसाला किती दिवस एका खड्ड्यासमोर उभं करणार? त्यांना अग्निशमनच्या गाडीवर पाठवलं. फळ्यावरचं "स्वागत" मी आठ दिवस तसंच ठेवलं, मग एका सकाळी मुलं यायच्या आत पुसून टाकलं. पुसताना मला रडू आलं, आणि रडू येण्याचा मला काय अधिकार, असंही वाटलं.

वीरसिंग बोलता बोलता एक गोष्ट बोलून गेला होता. "त्याच जागावर, तेच जातनं झाड, आनी घेर बराबर उना, का तुम्ही मोकया." त्यानं गमतीनं म्हटलं होतं. सरांनी लिंबाचं रोप आणलं आणि फोन जिथं हो म्हणतो अगदी त्या ठिकाणी लावलं. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. रोज पाणी. महिन्याच्या एक तारखेला टेप. पहिल्यांदा मला कळलं तेव्हा मी म्हटलं, सर, हे काय खूळ घेतलंत? ते म्हणाले, लिंब लवकर वाढतो. दुसऱ्या वर्षी मी विचारलं, "कितला व्हयना?"

"अकरा," सर म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा आठ वर्षं होती. भागाकार त्यांनाही येत होता आणि मलाही. दोघांपैकी कुणी तो केला नाही.

सर बदलत चालले होते. पूर्वी बागेतला मोगरा बघून सांगायचे की आज फुलं आली. आता सांगायचे, तीनशे दोनला फुलं आली. भाविकावहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, मला एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, लग्नाला गेलो तर मांडवातल्या खुर्च्यांना हात लावून बघतात, कुठली डुगडुगते ते. हसत हसत सांगितलं त्यांनी, पण हसू अर्ध्यावर राहिलं. गावी भावाच्या मुलीची हळद होती, तर हळदीच्या मधेच फोन आला आणि सर एस.टी.नं परत आले. कारंजं बंद पडलं होतं. कारंजं असंही वर्षातले दहा महिने बंदच असतं.

त्यांना जरा जिवंत बघितलं ते चोवीस सालच्या पावसाळ्यानंतर. जुन्या बागेत संध्याकाळी टाकीजवळच्या वस्तीतली मुलं खेळायला येत. त्यांतली मयूरी नावाची मुलगी माझ्याच वर्गातली, अपूर्णांकांना घाबरणारी. तिनं सरांना विचारलं. सरांनी खिशातून खडू काढला, अजून खडू ठेवत होते खिशात, आणि सिमेंटच्या बाकावर भाकरी काढून तिचे चार भाग केले. दुसऱ्या दिवशी सात मुलं आली. आठवड्यात अठरा. दिवेलागणीपर्यंत वर्ग चाले, मग मुलं घरी पळत. मयूरीनं एका सोमवारी माझ्या फळ्यावर तीन चतुर्थांशातून एक द्वितीयांश वजा करून दाखवला, आणि मी ओळखलं की हे माझं शिकवणं नाही. मी मुद्दाम त्या वाटेनं सावकाश जायला लागले. सरांचा तो वर्गातला आवाज पाच वर्षांनी ऐकला.

तीन आठवडे चाललं ते. मग कुणीतरी बाकाच्या पट्टीवरचा नंबर घालून तक्रार केली: बाकावर खडूने लिहितात, मुलांचा गोंगाट असतो, ज्येष्ठांना बसायला जागा मिळत नाही. तक्रार गेली जबाबदार व्यक्तीकडे. नियम अठ्ठेचाळीस तासांचा. सरांनी दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. बाक ओल्या फडक्यानं पुसला, रिकाम्या बाकाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, निराकरण झाले.

मला तो फोटो त्यांनीच दाखवला. "मन्हावरच तक्रार व्हती, ताई. ती मीच मिटाडी."

मी चिडले. म्हटलं, कोण होता तो, नाव सांगा, मी जाऊन बोलते त्याच्याशी. सरांना नंबर दिसत होता, नाव कळलंही असेल. सांगितलं नाही. फोन खिशात घातला आणि नळाकडे गेले. माझी चीड त्या माणसावर होती, असं मी तेव्हा समजत होते. बोलायला गेलेच असते तर आरशासमोरही जावं लागलं असतं.

इकडे शाळा आटत होती. पालक प्रवेशाला आले की पहिला प्रश्न, "चौथीले मास्तर शे का?" आणि मागून दुसरा कोणी उत्तर द्यायचा, "शेतस ना, पन बागमा शेतस." लोक हसायचे आणि पोराचा हात धरून दुसरी शाळा गाठायचे. एकशे बारा मुलं होती, ती साठ झाली, तीस झाली, शेवटी सतरा उरली. मयूरीही आश्रमशाळेत गेली. पंचवीसच्या जूनमध्ये आदेश आला की शाळा बंद, मुलांचं आणि शिक्षकांचं समायोजन. मला गावाच्या दुसऱ्या टोकाची शाळा मिळाली. बाकीच्या दोघींना आणखी कुठं कुठं.

सरांचं नाव यादीत नव्हतं. ते वीरसिंगकडे गेले, मी सोबत गेले. वीरसिंगनं कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. मूळ आस्थापनाच राहिली नाही, म्हणजे तिथली जागाही गेली, आता सर उद्यान विभागाचेच. या वेळी त्यानं चहाही मागवला नाही. मग हळूच म्हणाला, "आते तुमले सोडानं तरी कोठे, सर?"

सरांनी मान डोलावली. पायऱ्या उतरताना त्यांचा हात कठड्यावर होता आणि कठडा हलतोय का ते हात बघत होता.

शाळेच्या मैदानाची बाग करायचं ठरलं. त्या भागात मुलांना खेळायला जागा नाही म्हणून. शाळेत सतरा मुलं खेळत होती, ती जागा मोकळी करून. नोंदी करायला अर्थातच सर आले. तो शनिवार होता. मी दाखले आणि किल्ल्या द्यायला थांबले होते. सरांनी बोर नोंदवली, चिंच नोंदवली, घेरासकट. नोंदवू नका, मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. भिंतीवरचा गेरूचा नकाशा पावसानं निम्मा गेला होता, त्याच्यासमोरून ते न थांबता पुढं गेले. मग चौथीच्या खोलीत आलो. तिथं सामानाची कोठी होणार होती.

फोननं प्रकार विचारला: बाक, खेळणी, झाड, दिवा, नळ, इतर. सरांनी फळ्यासाठी "इतर" दाबलं. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी फळा मोजला. आठ फूट बाय चार. त्यांनी फोटो काढला, पट्टी ठोकायला खिळा काढला आणि मला विचारलं, "स्थिती काय लिखू?"

"चांगली," मी म्हणाले.

त्यांचा अंगठा फोनवर चालत होता. सहा वर्षांत मी शंभर वेळा मनात म्हटलेलं वाक्य त्या रिकाम्या खोलीत एकदाचं तोंडातून बाहेर पडलं. "सर, आते मन्हं नाव टाका. सगळावरच टाका. मी तयार शे."

आणि मी खरंच तयार होते. तेवढं तरी माझ्या पदरात टाका.

सरांनी फोन माझ्याकडे वळवला. जबाबदार व्यक्तीपुढं त्यांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, खाली नंबर. "टाकाई गयं ना ताई. सवय पडी गयी." मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आनी तुम्ही आठे उनात, ते तठला पोरेसले कोन शिकाडी?"

मी बरं म्हणाले. दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. खरं लिहायचं तर त्या वेळी माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी मनापासून विचारलं होतं, आणि त्यांनी नाही म्हटलं याचा मला मनापासून आनंद झाला, इतका की माझे पाय हलके झाले. सर शेजारच्या खोलीत, माझ्या तिसरीच्या खोलीत, खिडक्या मोजायला गेले. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांना न सांगता घरी निघून आले.